एका दिवसाचा राजा आणि वर्षभराची पायरी

शिमग्याच्या दिवसांत गावामध्ये कोण कोणास काय बोलला याचा हिशोब कोणी ठेवीत नाही. पाटलाच्या नावाने बोंब ठोकली तरी पाटील हसून घेतो. सावकाराच्या अंगावर चिखल पडला तरी तो रागावत नाही. रंगपंचमी सरली की पाटील पुन्हा पाटील होतो, सावकार पुन्हा सावकार होतो आणि बोंब ठोकणारा आपल्या जागी परत जातो. ह्या चार दिवसांच्या मोकळीकीकडे बोट दाखवून “आमच्या सणांत लहानथोर असा भेद नाही” असे सांगणारे लोक पुष्कळ आहेत. सुज्ञ वाचकहो, ह्या विधानाची उलटतपासणी करणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अशी मोकळीक केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. प्राचीन रोममध्ये डिसेंबर महिन्यात सॅटर्नेलिया नावाचा उत्सव होत असे. त्या दिवसांत गुलाम धन्याच्या पंक्तीला बसत आणि धन्याची थट्टा करीत. ख्रिस्ती देशांत चाळीस दिवसांच्या उपवासकाळाच्या आधी खाण्यापिण्याचे, मुखवट्यांचे आणि नाचगाण्याचे जे दिवस येतात, त्यांस कार्निव्हल म्हणतात. पोर्तुगीजांमागोमाग हा उत्सव गोव्यात आला. गोवा १९६१ साली मुक्त झाला आणि १९६५ पासून तेथे चित्ररथांची मिरवणूक निघू लागली. शनिवारी मोमो राजा गादीवर बसतो, प्रजेने खावे, प्यावे, मजा करावी असे फर्मान काढतो आणि मंगळवारी त्याचे राज्य संपते. राजा खोटा असतो हे सर्वांस ठाऊक असते, म्हणूनच खऱ्या राजास त्याचे भय वाटत नाही. रोममध्येही उत्सव संपल्यावर गुलामाच्या मानेवरील जू जसेच्या तसे राहत असे.

आता आपल्या धुळवडीकडे पाहू. कमलाकरभट्टाचा निर्णयसिंधु हा सतराव्या शतकातील ग्रंथ सणवारांच्या बाबतीत प्रमाण मानला गेला. धुळवडीच्या प्रतिपदेस जो पुरुष श्वपचास, म्हणजे अस्पृश्यास, स्पर्श करून नंतर स्नान करील, त्याचे पाप नष्ट होईल आणि त्यास आधिव्याधी होणार नाहीत, अशा आशयाचे वचन त्यात आढळते. वाचकांनी ह्या विधीचा नीट विचार करावा. वर्षातून एक दिवस अस्पृश्यास शिवावयाचे, परंतु तो आपला बांधव आहे म्हणून नव्हे, तर आपली खरूज जावी म्हणून! आणि शिवून झाले की लगेच अंघोळ करावयाची! ज्यास शिवले त्यास काय वाटले, हे विचारण्याची गरज शास्त्रकारास भासली नाही. एका दिवसाची समता म्हणतात ती हीच. तिच्यामध्ये विषमता क्षणभर उलटी केली जाते, ती मोडली जात नाही. उलट शेवटच्या स्नानाने ती अधिकच पक्की होते.

आनंदोत्सवात दुर्बळांस हास्यविषय करण्याची चालही जुनी आहे. पोप दुसरा पॉल याच्या काळी, १४६६ मध्ये, रोमच्या कार्निव्हलमध्ये ज्यूंची धावण्याची शर्यत सुरू झाली. पुढे तिला विटंबनेचे रूप आले. ज्यूंनी धावावे आणि नगराने त्यांस हसावे, असा तो प्रकार होता. तो १६६८ साली बंद झाला, परंतु त्याऐवजी ज्यूंवर पैशाचा भार बसला. गेल्या काही वर्षांतील उदाहरण बेल्जियममधील आल्स्त येथील आहे. तेथील कार्निव्हलला युनेस्कोने २०१० मध्ये मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतले होते. पुढे तेथील चित्ररथांवर ज्यूंची हीन सोंगे दिसली, तेव्हा डिसेंबर २०१९ मध्ये ते नाव यादीतून काढण्यात आले. “थट्टाच तर होती” हा बचाव जगाने तेथे मान्य केला नाही.

परंतु ह्या इतिहासास दुसरी बाजूही आहे आणि आपणांस अधिक उपयोगाची तीच आहे. ज्यांची थट्टा होत होती तेच लोक काही ठिकाणी रस्त्यावर उतरले आणि उत्सव त्यांनी आपला केला. त्रिनिदाद बेटावर गुलामगिरीचा शेवट १८३८ मध्ये झाला. मुक्त झालेले लोक मशाली व ढोल घेऊन कार्निव्हलच्या रात्री निघू लागले. सरकारने ते मोडण्याचा प्रयत्न केला, तेव्हा १८८१ मध्ये पोर्ट ऑफ स्पेन शहरात पोलिसांशी त्यांची झटापट झाली. १८८४ मध्ये ढोलांवर निर्बंध आले. त्याच वर्षी आपल्याच देशातून तेथील उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मजुरांच्या मोहरमच्या मिरवणुकीवर गोळ्या झाडण्यात आल्या. ढोल हिरावले गेले तेव्हा लोकांनी बांबू आपटून ताल धरला आणि पुढे लोखंडी पिंपांतून नवे वाद्य घडविले. आज ते वाद्य त्या राष्ट्राचा अभिमान आहे. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे श्रीमंत गोऱ्यांच्या जुन्या मंडळांत काळ्यांस प्रवेश नव्हता. सार्वजनिक रस्ता वापरावयाचा असेल तर सभासदत्वात वर्णभेद चालणार नाही, असा नियम १९९२ च्या सुमारास तेथील नगरपरिषदेने केला. १८५७ पासून मिरवणूक काढणाऱ्या कोमस मंडळाने नियम मानण्यापेक्षा रस्ता सोडणे पसंत केले. रेक्स मंडळाने नियम मान्य केला. तेथे प्रश्न नाचगाण्याचा नव्हता. रस्ता कोणाचा, हा होता.

शिरूर आणि दौंड ह्या भीमाकाठच्या तालुक्यांतही प्रश्न हाच आहे. चैत्र-वैशाखात येथे गावोगाव जत्रा भरतात. पालखी, छबिना, कुस्त्यांचा फड, तमाशा आणि बैलगाड्यांचा घाट ही त्यांची अंगे. पूर्वी ह्या आनंदात आपल्या लोकांस वाटा होता, परंतु तो कामाचा होता. वाट झाडावी महाराने, दवंडी द्यावी महाराने, मेलेले जनावर ओढावे महाराने. हलगी वाजवावी मांगाने. गावच्या होळीस महारवाड्यातील विस्तव चाले, मात्र तो आणणारा देवळाच्या पायरीवर चालत नसे. १९५६ च्या धर्मांतराने ह्या कामाचे मानसिक बंधन तोडले आणि १९५८ च्या कायद्याने महारवतनाचे कायदेशीर बंधन तोडले. आता उरला आहे तो रस्त्याचा हक्क.

आपले काही बांधव म्हणतात, “आपण बौद्ध झालो, त्यांच्या जत्रेशी आपले काय?” पूजेपुरते हे म्हणणे योग्य आहे. परंतु जत्रेचा बाजार, कुस्तीचा आखाडा आणि गावचा रस्ता ही देवाची मालमत्ता नव्हे. घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने रस्ते व सार्वजनिक जागा सर्वांस खुल्या केल्या आहेत. अत्याचार प्रतिबंध कायद्यात २०१५ साली झालेली दुरुस्ती वाचकांनी मुद्दाम वाचावी. धार्मिक, सामाजिक वा सांस्कृतिक मिरवणुकीत भाग घेण्यास किंवा ती काढण्यास अडथळा करणे हा त्या दुरुस्तीने गुन्हा ठरविला असून, त्या कलमात ‘जत्रा’ हा आपला शब्द जसाच्या तसा घातलेला आहे. त्याच दुरुस्तीने सामाजिक वा आर्थिक बहिष्काराची धमकीही गुन्हा ठरविली. जत्रेची वर्गणी ऐच्छिक असते. ती नाकारली म्हणून आपल्या घराचे दळण वा दूध बंद करण्याची धमकी कोणी दिली, तर तो गावकीचा मामला नसून फौजदारी मामला आहे. धर्म बदलल्याने हे संरक्षण जाते, असा गैरसमजही काढून टाकावा. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांस अनुसूचित जातींत स्थान मिळाले आहे.

मात्र प्रत्यक्षात काय होते? मिरवणुकीच्या वाटेवरून कुरबूर झाली की शांतताभंगाच्या नावाखाली अडविणारा व अडविलेला, दोघांकडूनही जामीन लिहून घेतला जातो. असे समान माप म्हणजे न्याय नव्हे. अशा वेळी केवळ जबाब देऊन घरी जाऊ नये. फिर्याद नोंदवून घ्यावी आणि तिची प्रत हातात पडेपर्यंत ठाणे सोडू नये. बैलगाड्यांची शर्यत २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंद केली, तेव्हा विधिमंडळाने २०१७ मध्ये खास कायदा केला आणि २०२३ मध्ये घटनापीठाने तो वैध ठरविला. घाटाचा आनंद ही संस्कृती आहे म्हणून राज्य एवढे झटले. मग त्या संस्कृतीत समान मानाने उभे राहण्याचा माणसाचा हक्क गावाच्या मर्जीवर का सोडावा?

शेवटी दोन शब्द आपल्या स्वतःच्या उत्सवांविषयी. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभास भेट देण्यास आले. आज त्याच दिवशी तेथे लाखो लोक जमतात. २०१८ मध्ये हिंसाचार झाला, तरीही पुढच्या वर्षी लोक आले. त्रिनिदादच्या लोकांनी ढोल हिरावले गेल्यावर जे केले, तेच हे होय. परंतु चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंती उभ्या राहतात, दारू प्यालेले तरुण पुढे नाचतात आणि आयाबहिणी दारातूनच परत फिरतात. तेव्हा आपण शिमगाच करीत असतो. आनंद वर्ज्य नाही. नाचावे, गावे, लेझीम खेळावी. मात्र जो उत्सव संपल्यावर वस्तीत एक पुस्तक, एक शिष्यवृत्ती वा एक निर्भय मुलगी अधिक उरत नाही, तो मोमो राजाच्या राज्यासारखाच मंगळवारी संपतो.

आपणांस एका दिवसाचे राज्य नको आहे. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस त्याच रस्त्याने ताठ मानेने चालण्याचा हक्क हवा आहे, आणि तो ज्या दिवशी साजरा करावयाचा त्या दिवशी आपले वर्तनही त्या हक्कास शोभेल असे हवे.