नाव तिचं, चांदी त्याची

चहा-कॉफीचे जुने चांदीचे संच अमेरिकेतल्या अनेक संग्रहालयांत मांडलेले आहेत. १७८३ साली इंग्रजांशी चाललेलं युद्ध संपलं आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत बॉस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया इथल्या सुखवस्तू घरांत एकाच घडणीचे असे संच आले. चहादाणी, कॉफीदाणी, झाकणाची साखरदाणी, दुधाचं भांडं, थंड चहा नि चोथा ओतायचा वाडगा, साखरेचा चिमटा. आकार कलशासारखे, काठाला बारीक मण्यांची ओळ, अंगावर फुलांच्या माळांची नाजूक कोरणी. ही घडण प्राचीन ग्रीस-रोमची. राजाला झुगारून प्रजासत्ताक उभारणाऱ्यांना रोमशी नातं सांगायला आवडायचं. गंमत अशी, की ही फॅशन आली होती इंग्लंडातूनच.

यातला सर्वांत नावाजलेला कारागीर पॉल रिव्हियर. १७७५ साली रात्री घोडा पिटाळत जाऊन इंग्रज फौज येत असल्याची वर्दी देणारा तोच. बॉस्टनच्या जॉन आणि मेहिटेबल टेम्पलमन या दांपत्यासाठी त्याने १७९२-९३ मध्ये घडवलेला संच आज मिनियापोलिसच्या कलासंग्रहालयात आहे. भांडी सुंदर आहेत, याबद्दल माझा वाद नाही. वाद आहे तो त्यांची गोष्ट कशी सांगितली जाते याबद्दल. कारागिराचं नाव, शैली, साल, एवढ्यावर ती बहुधा संपते.

पण भांड्यांवर आणखीही काही लिहिलेलं असतं. लग्नात मुलीला मिळालेल्या चांदीवर पुष्कळदा तिची माहेरची आद्याक्षरं कोरत. कधी नवराबायकोची एकत्र अक्षरं. वाटतं, चला, निदान एवढं तरी बाईचं होतं! मैत्रिणींनो, तसं नव्हतं. इंग्रजांचं राज्य गेलं, तरी त्यांचा विवाहविषयक कायदा तिथेच राहिला. त्या कायद्याप्रमाणे लग्न होताच बाईचं वेगळं कायदेशीर अस्तित्व नवऱ्याच्या अस्तित्वात विरून जाई. तिची रोकड, सामानसुमान, चांदी, सारं नवऱ्याचं. तो ते विकू शकत होता, गहाण टाकू शकत होता. त्याच्या कर्जापायी सावकार तिची अक्षरं कोरलेली चहादाणी उचलून नेऊ शकत होता. काही श्रीमंत बाप विश्वस्त नेमून लेकीची मिळकत वेगळी राखत. बाकीच्यांना ती सोय नव्हती.

मिळकत नाही म्हणून मत नाही, हेही ओघानेच आलं. न्यू जर्सी राज्याच्या १७७६ च्या घटनेत ५० पौंडांची मिळकत असलेल्या सर्व रहिवाशांना मताधिकार होता. त्यामुळे तिथल्या अविवाहित आणि विधवा बायका खरोखरच मतदान करत. विवाहितांच्या नावावर काहीच नसल्याने त्या बाहेर. १८०७ मध्ये कायदा करून उरलेल्या बायकांचाही हक्क काढून घेतला. म्हणजे कलशाच्या घाटाच्या साखरदाण्या घरोघर मिरवत होत्या त्याच वर्षांत हे प्रजासत्ताक बायकांना दार लावत होतं.

चहाचं टेबल म्हणजे बायकांच्या फावल्या वेळच्या गप्पा, असं समजायचं कारण नाही. ऑक्टोबर १७७४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या ईडेंटन गावी ५१ बायकांनी स्वतःच्या नावानिशी सह्या करून इंग्रजी मालावरच्या बहिष्काराला पाठिंबा दिला. त्यावर १७७५ साली लंडनमध्ये व्यंगचित्र निघालं. त्यात सह्या करणाऱ्या बायका आणि टेबलाखाली दुर्लक्षित मूल! राजकारणात पडलेल्या बाईला ‘घराकडे बघ’ म्हणण्याची ही रीत आपल्याला काही नवी नाही.

आणखी एक प्रश्न. चांदी काळी पडते. ती घासून लखलखीत कोण ठेवत होतं? ज्या घरातून असे संच असत, त्यांतल्या कित्येक घरांत गुलाम माणसं राबत होती. साखरदाणीतली साखर तर कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांच्या घामाची. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांच्या फिलाडेल्फियातल्या घरी ओना जज ही गुलाम तरुणी मार्थाबाईंची खास दासी होती. मे १७९६ मध्ये घरची मंडळी जेवायला बसलेली असताना ती निघून गेली. तिला परत आणायचे प्रयत्न झाले. ती आली नाही. ओना ही मार्थाबाईंच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतली ‘मालमत्ता’. मार्थाबाईंना तिच्यावर हयातीपुरताच हक्क, तिला मुक्त करण्याचा अधिकार त्यांनाही नव्हता. या दोन बायकांचं दुःख सारखं होतं, असं कोणी म्हणू नये. एकीच्या नावे मालमत्ता नव्हती. दुसरी स्वतःच मालमत्ता होती.

बदल घडला तो बायकांनी घडवला. ९ जुलै १८४८ ला न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटर्लू गावी जेन हंट यांच्या घरी पाच जणी चहाला जमल्या. एलिझाबेथ केडी स्टँटन आणि ल्युक्रेशिया मॉट त्यांत होत्या. त्या चहातूनच दहा दिवसांनी सेनेका फॉल्सची परिषद भरली. तिथल्या जाहीरनाम्यात मताचा हक्क मागितला होता, तशीच एक स्पष्ट तक्रार होती, की नवऱ्याने बायकोच्या मिळकतीवरचा, तिने कमावलेल्या मजुरीवरचासुद्धा, हक्क हिरावून घेतला आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये न्यूयॉर्कने विवाहितेला स्वतःची मिळकत राखण्याचा कायदा केला होता. मजुरीसाठी मात्र अजून झगडायचं होतं.

ज्या फिलाडेल्फियात असे संच घडले, तिथेच मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या आणि त्या समारंभाला पंडिता रमाबाई गेल्या. रमाबाईंनी १८८९ साली अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहिलं, त्यात तिथल्या स्त्रियांच्या स्थितीवर स्वतंत्र प्रकरण आहे. तिथल्या श्रीमंतीचं वर्णन करताना तिथल्या बाईची हकीगत सांगायची, ही वाट त्यांनी तेव्हाच घालून दिली.

म्हणून संग्रहालयांनी भांड्याशेजारी चार ओळी आणखी लिहाव्यात: ही अक्षरं कोणाची, कायद्याने चांदी कोणाची, चहा कोणी ओतला आणि भांडं कोणी घासलं. सौंदर्य त्याने कमी होणार नाही.

आणि आपण? आपल्याकडेही लग्नातल्या भांड्यांवर लेकीचं नाव घालतात. प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितलं, की स्त्रीधन हे पूर्णपणे स्त्रीचंच, आणि सासरच्यांनी ते दडपलं तर तो गुन्हेगारी स्वरूपाचा विश्वासघात होऊ शकतो. वधूवरांना मिळालेल्या भेटींची सह्यांनिशी यादी करण्याचे नियमही त्याच वर्षीचे. तरी किती जणींकडे अशी यादी आहे? नुसतं कोरलेलं नाव मेहिटेबलला पुरलं नाही, आपल्यालाही पुरणार नाही. यादी करा, पावत्या स्वतःच्या नावाने घ्या, आणि त्या स्वतःच्याच हाताशी ठेवा.