जुनाट कंबरदुखी व आरोग्य केंद्रांतील शिक्षण

भांगलणी व पोत्यांची चढउतार करून कंबर धरली नाहीं असा शेतकरी विरळा. दप्तरांत बैठें काम करणारे आम्हीही यांतून सुटलों नाहीं. दुखणें तीन महिन्यांपलीकडे गेलें कीं तें जुनाट समजावें. अशा रोग्यास पुष्कळदां गोळ्या, पट्टा व अंथरुणावरील विश्रांति सांगण्यांत येते. प्रसंगीं बैल विकूनही तो शहरांत कण्याचें चित्र काढावयास जातो. वास्तविक कसलीही वेदना नसलेल्या माणसांच्या चित्रांतही वयोमानानें झिजलेल्या चकत्या दिसतात. परंतु 'चकती सरकली' हे शब्द कानीं पडतांच मनुष्य धास्तावतो व वांकणेंच सोडतो.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं काढलेल्या मार्गदर्शनांत व्यायाम व रोग्यास नीट समजावून सांगणें यांस मान्यता आहे. पट्टा, कंबर ताणण्याचे उपचार व अफूच्या वर्गांतील औषधें सरसकट देऊं नयेत असें म्हटलें आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टर, परिचारिका व आशा यांस हें शिकविण्याची तजवीज सरकारनें करावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. गर्दींत बोलण्यास वेळ नाहीं ही सबब अगदींच खोटी नव्हे. तथापि लघवी अडणें, जांघेंत बधिरता, पायांतील बळ जाणें, ताप येऊन वजन घटणें हीं लक्षणें मात्र त्यांस तत्काळ ओळखतां आलींच पाहिजेत. आपल्याकडे कण्याचा क्षयही आढळतो.