क्लॅशचा वारसा कोणाचा?

रॉक संगीताच्या चाहत्यांमध्ये काही वाद गेली साठ वर्षे न थकता चालू आहेत. बीटल्स श्रेष्ठ की रोलिंग स्टोन्स? पिंक फ्लॉइडचा अधिकार मोठा की लेड झेपलिनचा? पंक संगीताचा विषय निघाला की सेक्स पिस्टल्स खरे बंडखोर की द क्लॅश? आपल्या जुन्या कार्यकर्त्यांना हे वाद म्हणजे रिकामपणचा उद्योग वाटतो. भांडवली बाजारात मांडलेल्या दोन मालांपैकी कोणता सरस, याची चिकित्सा समाजवाद्यांनी कशाला करावी, असा त्यांचा सवाल असतो. तरुण कार्यकर्ते या सवालाने दुखावतात. ज्या गाण्यांनी आपल्याला अन्यायाची पहिली चीड आणली, ती गाणी केवळ माल म्हणून झिडकारली जावीत, हे त्यांना मानवत नाही.

हा वाद पोरकट म्हणून उडवून लावणे सोपे आहे. परंतु त्याच्या पोटात एक महत्त्वाचा प्रश्न दडलेला आहे. बंडाची भाषा बोलून कलावंताने जे निर्माण केले, त्याचा वारसदार कोण? स्वतः कलावंत, गाण्यांचे हक्क विकत घेणारी कंपनी, की ती गाणी ऐकून रस्त्यावर उतरलेली माणसे? या प्रश्नाची चर्चा हवेत करण्यापेक्षा एका उदाहरणाच्या आधारे केलेली बरी. लंडनमध्ये १९७६ साली जन्मलेला आणि १९८६ साली विसर्जित झालेला द क्लॅश हा बँड त्यासाठी फार बोलका आहे.

भक्त आणि फिर्यादी

क्लॅशविषयी दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष भक्तांचा. ‘ज्याला खरे महत्त्व आहे असा एकमेव बँड’ हे त्यांचे ब्रीदवाक्य. आता गंमत अशी की, हे वाक्य मुळात सीबीएस या ध्वनिमुद्रिका कंपनीच्या प्रचारातून आलेले आहे. म्हणजे भक्त ज्याला इतिहासाचा निर्णय समजतात, ती प्रत्यक्षात जाहिरात होती.

दुसरा पक्ष फिर्यादींचा. त्यांचे आरोपपत्र भक्कम आहे. कामगारवस्तीचा आवाज म्हणून गाजलेला गायक जो स्ट्रमर हा ब्रिटिश परराष्ट्र खात्यातील अधिकाऱ्याचा मुलगा. तो अंकारात जन्मला आणि निवासी शाळेत शिकला. व्यवस्थेविरुद्ध गाणाऱ्या या बँडने जानेवारी १९७७ मध्ये त्याच सीबीएस कंपनीशी एक लाख पौंडांचा करार केला. १९९१ मध्ये त्यांचे एक जुने गाणे लेव्हाइस कंपनीच्या जीन पँटच्या जाहिरातीत वाजले आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले. क्लॅशच्या वाट्याला तेथे पहिला क्रमांक आला तो एवढा एकदाच, तोही पँट विकताना. २००२ मध्ये ‘लंडन कॉलिंग’ हे गाणे जॅग्वार मोटारीच्या जाहिरातीला दिले गेले. अणुअपघात आणि थेम्सचा पूर यांच्या भयातून जन्मलेल्या गाण्याने महागड्या मोटारीची भलामण करावी, यावर अधिक भाष्य नको.

हे सारे खरे आहे. तरीही हा निकाल अपुरा आहे. कारण भक्त आणि फिर्यादी दोघेही एकच चूक करतात. दोघांच्याही नजरेसमोर चार तरुणांचा बँड तेवढा आहे. एक त्यांना संत ठरवतो, दुसरा ढोंगी. ज्या समाजात ती गाणी गायली गेली, तो समाज दोघांच्याही हिशेबात नाही. तो हिशेबात धरायचा तर ऑगस्ट १९७६ पासून आरंभ करावा लागेल.

एका महिन्यातील तीन घटना

त्या महिन्याच्या ५ तारखेला बर्मिंगहॅममध्ये एरिक क्लॅप्टन या विख्यात गिटारवादकाने दारूच्या नशेत रंगमंचावरून इनॉक पॉवेलचे समर्थन केले आणि परदेशी लोकांनी देश सोडून जावे, असे सुनावले. पॉवेल म्हणजे ज्याने १९६८ साली त्याच बर्मिंगहॅममध्ये स्थलांतरितांविरुद्ध विखारी भाषण केले होते, तो राजकारणी. क्लॅप्टनची सारी विद्या अमेरिकेतील काळ्यांच्या ब्लूजमधून आलेली. दोनच वर्षांपूर्वी त्याला अमेरिकेत पहिला क्रमांक मिळवून दिला होता तो जमैकाच्या बॉब मार्लेच्या गाण्याने. काळ्यांचे संगीत हवे, काळी माणसे मात्र नकोत, असा हा व्यवहार होता. पुढे २०१८ मध्ये त्याने या वर्तनाची आपल्याला लाज वाटते, अशी कबुली दिली. पण मध्ये चार दशके गेली होती.

त्याच महिन्याच्या उत्तरार्धात लंडनमधील ग्रनविक या फोटो धुऊन देणाऱ्या कारखान्यातून जयाबेन देसाई काम सोडून बाहेर पडल्या. गुजरातेत जन्मलेल्या आणि पूर्व आफ्रिकेतून ब्रिटनमध्ये आलेल्या या बाईंच्या मागे प्रामुख्याने आशियाई स्त्रियांचा संप उभा राहिला आणि जवळजवळ दोन वर्षे चालला. महिनाअखेरीस, ३० ऑगस्टला, नॉटिंग हिलच्या उत्सवात काळे तरुण आणि पोलीस यांच्यात चकमक उडाली. त्या गर्दीत स्ट्रमर आणि त्याचा सहकारी पॉल सिमनन हजर होते. काळे तरुण जुलमापुढे उभे राहतात, मग गोरे तरुण स्वस्थ का, हा तेथे पडलेला प्रश्न त्यांच्या पहिल्या गाण्याचा विषय झाला. काळ्यांच्या संगीताचे ऋण क्लॅप्टनवर होते, तसेच क्लॅशवरही होते. जमैकाच्या रेगे संगीतावाचून क्लॅशची कल्पनाच करता येत नाही. परंतु एकाने ऋण घेऊन धनकोलाच घराबाहेर काढण्याची भाषा केली. दुसऱ्याने ते ऋण उघडपणे मान्य केले. बँडांच्या तुलनेचा काही निकष हवाच असेल, तर तो येथे सापडतो.

क्लॅप्टनच्या बरळण्यावर छायाचित्रकार रेड सॉन्डर्स आणि त्याच्या मित्रांनी एक निषेधपत्र लिहून संगीतविषयक साप्ताहिकांना व समाजवादी वृत्तपत्राला धाडले. वंशवादाविरुद्ध रॉक संगीताची चळवळ उभारू या, असे त्यात आवाहन होते. उत्तरादाखल शेकडो पत्रे आली आणि ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही संघटना जन्मली. तिचा आरंभ संतापलेल्या श्रोत्यांनी केला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. क्लॅश त्यानंतर आले.

व्हिक्टोरिया पार्क

काळ कठीण होता. मे १९७७ मधील बृहद् लंडन परिषदेच्या निवडणुकीत नॅशनल फ्रंट या फॅसिस्ट पक्षाने सुमारे १ लाख १९ हजार मते मिळवली होती. अशा वेळी ३० एप्रिल १९७८ रोजी ट्रफाल्गर चौकातून निघालेला मोर्चा पूर्व लंडनमधील व्हिक्टोरिया पार्कवर पोहोचला. मोर्चा व मेळावा अँटी-नाझी लीग आणि रॉक अगेन्स्ट रेसिझम यांचा. उपस्थितांचा अंदाज ८० हजार ते एक लाख. रंगमंचावर क्लॅश होते, टॉम रॉबिन्सन होता, बर्मिंगहॅमच्या काळ्या तरुणांचा स्टील पल्स हा रेगे बँड होता. ज्या शहरात पॉवेल आणि क्लॅप्टन बोलले, त्याच शहराचे हे प्रत्युत्तर. गोऱ्या पोरांचे पंक आणि काळ्या पोरांचे रेगे एकाच व्यासपीठावर आणणे, हे त्या चळवळीचे खरे कर्तृत्व. ज्या गोऱ्या बेकार तरुणाला नॅशनल फ्रंट आपला शिपाई समजत होता, त्यालाच तिने आपल्या बाजूला ओढले.

येथे आपल्या वाचकांना अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांची आठवण होईल. परंतु साम्य फार ताणू नये. आपले शाहीर चळवळीच्या कुशीतून आले होते. क्लॅश कंपनीच्या करारातून आले. म्हणूनच त्यांचे राजकारण पुष्कळदा वेशभूषेच्या पातळीवर घसरे. त्या दिवशी स्ट्रमरच्या अंगात इटलीतील ‘रेड ब्रिगेड्स’ या दहशतवादी गटाचे नाव मिरवणारा सदरा होता. त्याच वेळी त्या गटाने पळवून नेलेले माजी पंतप्रधान आल्दो मोरो कैदेत होते. ९ मे रोजी त्यांचा मृतदेह सापडला. एक लाख लोकांसमोर असा सदरा घालणे हे क्रांतिकारकत्व नव्हे, बेजबाबदारपणा होय. ज्यांना क्लॅश प्रिय आहे, त्यांनीही हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

मेळावा संपल्यानंतर

मेळाव्यानंतर चारच दिवसांनी, ४ मे १९७८ रोजी, व्हाइटचॅपेलमध्ये अल्ताब अली या बंगाली कापडकामगाराचा कामावरून घरी परतताना खून झाला. तो दिवस स्थानिक निवडणुकीचा होता. एक लाखांच्या गर्दीने व्हिक्टोरिया पार्क दुमदुमले होते. त्याच पूर्व लंडनमध्ये एका कामगाराला रात्री सुखरूप घरी जाता आले नाही. १४ मे रोजी सुमारे सात हजार लोक त्याच्या शवपेटीमागून मध्य लंडनमध्ये चालत गेले. त्या मोर्चात गिटार नव्हती. ब्रिटनमधील बंगाली श्रमिकांच्या राजकीय जागृतीचा इतिहास त्या मोर्चापासून मोजला जातो. आज तेथील एका उद्यानाला अल्ताब अलीचे नाव आहे.

त्याच वर्षी २४ सप्टेंबरला दक्षिण लंडनमधील ब्रॉकवेल पार्कवर दुसरा प्रचंड मेळावा झाला. नेमका त्याच दिवशी नॅशनल फ्रंटने पूर्व लंडनमध्ये मोर्चा काढला. ब्रिक लेनच्या बंगाली वस्तीच्या रक्षणासाठी फार थोडे लोक उरले. बाकीचे शहराच्या दुसऱ्या टोकाला गाणी ऐकत होते. मेळावा रद्द करायला हवा होता काय, हा वाद ब्रिटिश डाव्यांमध्ये दीर्घकाळ चालला. माझ्या मते मेळावा घेणे योग्य होते. वस्तीच्या रक्षणाची सिद्धता न ठेवणे अक्षम्य होते. संगीत माणसे जमवते. जमलेल्या माणसांनी कोठे उभे राहायचे, हे संघटनेने ठरवायचे असते. ते ओझे गायकाच्या खांद्यावर टाकता येत नाही.

पुढे २३ एप्रिल १९७९ रोजी साउथॉलमध्ये नॅशनल फ्रंटच्या सभेविरुद्ध निदर्शने करणाऱ्यांवर पोलीस तुटून पडले. शिक्षक ब्लेअर पीच यांचा डोक्यावरील आघाताने मृत्यू झाला. ‘मिस्टी इन रूट्स’ या रेगे बँडचा व्यवस्थापक क्लॅरन्स बेकर कवटी फुटून बेशुद्धावस्थेत गेला. जुलैमध्ये साउथॉलच्या आरोपींच्या बचावनिधीसाठी जे कार्यक्रम झाले, त्यांत क्लॅश गायले. पीच यांचा मृत्यू बहुधा पोलिसाच्याच हातून झाला, हा पोलिसांचा स्वतःचा अहवाल प्रसिद्ध व्हायला २०१० साल उजाडले. खटला कोणावरच झाला नाही.

मे १९७९ च्या सार्वत्रिक निवडणुकीत नॅशनल फ्रंटने ३०३ उमेदवार उभे केले आणि अवघी ०.६ टक्के मते मिळवली. हे यश एकट्या गाण्यांचे होते, असे म्हणणे बालिशपणाचे ठरेल. मार्गारेट थॅचर यांनी जानेवारी १९७८ मध्येच परकीयांच्या लोंढ्याची भाषा बोलून फ्रंटची काही मते आपल्याकडे वळवली होती. फॅसिस्ट हरले, पण त्यांच्या विषाचा सौम्य अर्क सत्तेवर बसला. तथापि फ्रंटच्या खांद्यावर हात टाकणे तरुणांत लाजिरवाणे ठरले, यात त्या चळवळीचा वाटा नाकारता येणार नाही.

मालकी आणि वारसा

आता मालकीविषयी. बीटल्सच्या गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीचे शेअर १९६५ मध्येच बाजारात आले. १९६९ मध्ये ती दुसऱ्या कंपनीने गिळली, १९८५ मध्ये ते हक्क मायकेल जॅक्सनने घेतले आणि अखेर ते सोनीकडे गेले. ज्या गाण्यात लेननने क्रांतीविषयी वाद घातला, त्यावर १९८७ मध्ये नायकेने बूट विकले. क्लॅशच्या बाबतीतही व्यवस्था तीच. नोव्हेंबर २०१९ मध्ये सिमननने रंगमंचावर आपटून मोडलेली गिटार लंडनच्या संग्रहालयात प्रदर्शनासाठी ठेवली गेली. त्याआधी २०१६ मध्ये पंकच्या सरकारी गौरवाच्या निषेधार्थ सेक्स पिस्टल्सच्या व्यवस्थापकाच्या मुलाने पन्नास लाख पौंड किंमत सांगितलेला पंकचा ऐवज थेम्स नदीत जाळला. परंतु जाळण्यासाठी एवढा ऐवज जवळ असणे हेही मालकीचेच प्रदर्शन होय.

क्लॅशने या व्यवस्थेशी थोडीफार झुंज दिली, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. ‘लंडन कॉलिंग’च्या दोन तबकड्या त्यांनी एकीच्या भावात विकायला लावल्या. निकाराग्वाच्या क्रांतिकारकांचे नाव दिलेला ‘सँडिनिस्टा!’ हा तीन तबकड्यांचा संच स्वस्तात मिळावा म्हणून ब्रिटनमधील पहिल्या दोन लाख प्रतींवरचे मानधन सोडले. आणि ज्या २००२ साली मोटारीची जाहिरात झाली, त्याच साली १५ नोव्हेंबरला स्ट्रमर संपकरी अग्निशामक कामगारांच्या निधीसाठी लंडनच्या ॲक्टन नगरभवनात गायला. बँडमधून काढलेला जुना सोबती मिक जोन्स उत्स्फूर्तपणे रंगमंचावर चढला आणि १९८३ नंतर प्रथमच दोघे एकत्र वाजले. पाच आठवड्यांनी स्ट्रमरचे निधन झाले. मोटार आणि संप, दोन्ही एकाच माणसाच्या एकाच वर्षातील गोष्टी आहेत. त्यातील एक पुसून दुसरी ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल.

मग वारसा कोणाचा? २७ एप्रिल २००८ रोजी त्याच व्हिक्टोरिया पार्कवर तीसाव्या वाढदिवसाचा भव्य कार्यक्रम झाला. चार दिवसांनी झालेल्या लंडन विधानसभेच्या निवडणुकीत ब्रिटिश नॅशनल पार्टीने एक जागा जिंकली. दोष गाण्यांचा नव्हता. उत्सव साजरा करून वारसा मिळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. शेतजमिनीविषयी आपण जी घोषणा देत आलो, ती येथेही लागू पडते: कसेल त्याची जमीन. सातबारा सोनीच्या नावावर असेल, गिटार संग्रहालयात असेल. पण ज्या मोर्चात, ज्या संपनिधीच्या सभेत ते गाणे पुन्हा कामाला लागते, तेथे ते त्या माणसांचे होते. आणि कसणे थांबले की जमीन पुन्हा सावकाराकडे जाते.

म्हणून आपल्या तरुण मित्रांनी क्लॅश खुशाल ऐकावे, बीटल्सशी त्यांची तुलनाही करावी. फक्त कोणता बँड थोर, या प्रश्नावर न थांबता त्या गाण्यांनी कोणाला कोणाच्या शेजारी उभे केले, हे विचारावे. जुन्या कार्यकर्त्यांनीही गाणे संपल्यावर त्या तरुणांसाठी काही काम तयार ठेवले आहे काय, हे स्वतःला विचारावे. ब्रॉकवेल पार्कच्या त्या रविवारी नेमकी तीच तयारी नव्हती.