रोलादसाठी दोरा आणून ठेवलाय, दुकान उघडं असेल का?

परवा माहेरच्या ओळखीतल्या एकाने फोटोखाली लिहिलं, "ताई, कोल्हापूरची लेक असून बीफ शिजवता आणि वर मिरवता?" हो दादा, शिजवते. मडगावात सासर आहे माझं. लग्नानंतरच्या पहिल्याच नाताळात सासूबाईंनी माझ्या हातात पांढऱ्या दोऱ्याचं रीळ दिलं आणि म्हणाल्या, बांध.

ज्यांनी खाल्लं नाही त्यांच्यासाठी सांगते. मांसाचे पातळ, रुंद काप करून घ्यायचे, ते कसायालाच जमतं. आलं-लसूण, मिरी, मीठ आणि माडाचं व्हिनेगर लावून रात्रभर ठेवायचे. आत गोव्याची चोरीस, गाजराची लांब फोड, उकडलेल्या अंड्याचा तुकडा. गुंडाळायचं, दोऱ्याने आवळायचं, आधी तेलात चांगलं लाल करायचं. मग त्याच भांड्यात कांदा, टोमॅटो, दालचिनी, लवंग घालून मंद आचेवर शिजत ठेवायचं. घाई केली की चामडं होतं. रस दाट झाला की दोरा काढायचा. एक तुकडा दोऱ्यासकट कुणाच्या तरी ताटात जातोच!

आता मुद्दा. गोव्यात गायीची कत्तल 1978 च्या कायद्याने बंद आहे. बैल आणि म्हैस यांच्यासाठी 1995 चा कायदा आहे, अधिकाऱ्याचा दाखला घ्यावा लागतो. म्हणजे दाखल्याचं बीफ विकणं, विकत घेणं, शिजवणं इथे गुन्हा नाही. तरी 2024 च्या नाताळाच्या तोंडावर मडगावच्या बाजारात गोरक्षक म्हणवणारे आणि विक्रेते यांच्यात राडा झाला आणि विक्रेत्यांनी दुकानं बंद ठेवली. ऐन सणात. आमच्याकडे त्या वर्षी चिकनचं रोलाद झालं. सासूबाईंनी एक घास घेतला आणि गप्प बसल्या.

कुणी म्हणेल, माल बेकायदा असला तर? तर तपासा ना! पोलीस आहेत, पशुवैद्यकीय अधिकारी आहेत. रस्त्यात गाडी अडवून कागद मागायचा अधिकार चार पोरांना कुणी दिला?

दुसरी गोष्ट कुणी बोलत नाही. आपलं बरंचसं बीफ कर्नाटकातून येतं. तिथे 2021 पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली आणि आपल्याकडे टंचाई झाली. उसगावला सरकारी मांस प्रकल्प आहे. मग तो नीट, नियमित चालवायला काय अडचण आहे? तिथे डॉक्टर तपासतील, शिक्का मारतील, गाडीला पोलीस संरक्षण द्या. वादच मिटेल. पण वाद मिटावा असं खरंच कुणाला वाटतं का, हीच मला शंका आहे.

ज्यांना खायचं नाही त्यांनी खाऊ नये. माझी आई येते तेव्हा तिचं वरण-भाताचं भांडं वेगळं असतं, सासूबाई तिच्यासाठी शेवग्याची भाजी करतात. दोघींचं आजवर भांडण झालंय ते फक्त टीव्हीच्या रिमोटवरून.

ही पोस्ट नोव्हेंबरातच टाकतेय, कारण 23 डिसेंबरला बोंब मारून उपयोग नसतो. आपापल्या आमदाराला आत्ता विचारा, सणाच्या आठवड्यात बाजारात बंदोबस्त असेल की नाही, हो किंवा नाही. मी पत्राचा मसुदा केलाय. हवा असेल त्यांनी कमेंटमध्ये सांगा, पाठवते. रेसिपी मागणाऱ्यांनी मात्र आधी पत्र पाठवल्याचा फोटो टाकायचा.