वर्दी द्यायला माणूस हवा

ग्रीन कार्डाच्या अर्जाला जोडायच्या कागदांची यादी हाती पडली की परदेशातल्या मराठी घरातून पहिला फोन गावाकडे जातो. जन्माचा दाखला हवा असतो, आणि तोही आईवडिलांची नावे, जन्माचे ठिकाण, नोंदणीची तारीख आणि निबंधकाची सही-मोहोर असलेला. अमेरिकेचे इमिग्रेशन खाते त्यातली नोंदणीची तारीख मुद्दाम पाहते. जन्म 1978 चा आणि नोंद 2016 ची असेल, तर जोडीला शाळा सोडल्याचा दाखला आणि वयाने मोठ्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे मागितली जातात. पुण्या-मुंबईत जन्मलेल्यांचे हे काम एखादा भाऊ किंवा मेहुणा दोन-चार खेपा घालून उरकतो.

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत याच कागदाला फार मोठे मोल आहे. आपल्या मंडळातल्या काही सभासदांची मदत दरवर्षी या भागात जाते: वह्या, दप्तरे, पावसाळ्याआधी ताडपत्री. ही मदत ज्यांच्यासाठी असते त्या मुलांचा जन्म सरकारी वहीत आहे की नाही, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

हा मुलूख 1948 पर्यंत मुकणे घराण्याच्या जव्हार संस्थानाचा होता. जव्हारची नगरपरिषद 1918 सालची, म्हणजे संस्थानी काळातली. विलीनीकरणानंतर हा भाग ठाणे जिल्ह्यात आला आणि 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. मोखाड्यात आधी ग्रामपंचायत होती, आता नगरपंचायत आहे. या घडामोडी दाखल्यापर्यंत पोचतात. जुन्या दाखल्यावर, पासपोर्टवर ‘जिल्हा ठाणे’ असते, नव्याने काढलेल्या प्रतीवर ‘पालघर’ येऊ शकते, आणि परदेशातला अधिकारी विचारतो की या माणसाचा जन्म नेमका कुठे झाला. अशा वेळी जिल्हा विभाजनाची तारीख लिहिलेले साधे स्पष्टीकरणाचे पत्र सोबत जोडावे.

जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा आहे, महाराष्ट्रात तो 1 एप्रिल 1970 पासून लागू झाला. त्याचा पाया एका नियमावर आहे: जन्म जिथे झाला तिथेच त्याची नोंद होते, आईवडील राहतात तिथे नाही. दवाखान्यात बाळंतपण झाले तर वर्दी, म्हणजे जन्माची खबर, दवाखान्याने द्यायची, घरी झाले तर कुटुंबप्रमुखाने. मुदत 21 दिवसांची. गावात निबंधक म्हणजे ग्रामसेवक, ज्यांना 2024 पासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. मुदतीत वर्दी दिली तर नोंदही फुकट आणि पहिला दाखलाही फुकट.

कागदावर इतके सोपे असलेले काम मोखाड्याच्या डोंगरात का अडते, हे समजायला तिथली बाळंतपणे कोणकोणत्या वाटांनी जातात ते पाहावे लागते. अडलेली बाई पाड्यावरून प्राथमिक आरोग्य केंद्रात येते, तिथून मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात, आणि तिथेही निभावले नाही तर थेट नाशिकला. बाळ नाशिकच्या सिव्हिलमध्ये जन्मले, तर त्याची नोंद नाशिक महापालिकेत होते. सहा वर्षांनी शाळेसाठी दाखला हवा म्हणून बाप ग्रामपंचायतीत जातो आणि वहीत नाव नाही म्हणून परत येतो. नोंद असते, पण दुसऱ्या जिल्ह्यात, आणि कुठे शोधायची हे त्याला कुणी सांगितलेले नसते. बाळंतपणानंतर दवाखान्यातून मिळालेला कागद जपून ठेवला असेल तर निभावते. पावसात गळणाऱ्या कुडाच्या घरात कागद जपणे सोपे नाही.

दुसरी वाट वीटभट्टीची. दिवाळी झाली की या दोन्ही तालुक्यांतली कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याणकडे जगायला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. भट्टीवर जन्मलेल्या मुलाची नोंद भट्टी ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहे तिथे व्हायला हवी. तिथल्या आशाताईच्या यादीत ही बाई नसते, तिथला ग्रामसेवक तिला ओळखत नाही, मालकाला त्याचे देणेघेणे नसते आणि ज्याने वर्दी द्यायची तो बाप विटा थापत असतो. एकवीस दिवस तिथेच सरतात. जूनमध्ये कुटुंब पाड्यावर येते तेव्हा गावचा ग्रामसेवक मनात असूनही नोंद करू शकत नाही, कारण जन्म त्याच्या हद्दीत झालेला नाही. या दोन तालुक्यांतल्या हरवलेल्या नोंदींची चर्चा होते तेव्हा दोष बहुधा पालकांच्या अडाणीपणावर ढकलला जातो. ते अन्यायाचे आहे. वर्षाचे सहा-सात महिने घर एका ठिकाणी आणि पोट दुसऱ्या ठिकाणी असणाऱ्या माणसांचा विचार करून ही व्यवस्था मुळात आखलेलीच नाही.

आणि तिसरी वाट, जी रस्त्यालाच पोचत नाही. ऑगस्ट 2022 मध्ये मोखाड्याच्या बोटोशी ग्रामपंचायतीतल्या मरकटवाडीत एका गर्भवतीला मुदतीआधीच कळा सुरू झाल्या. घरीच जन्मलेली तिची जुळी बाळे दगावली, आणि रक्तस्राव होत असलेल्या त्या आईला डोलीत घालून सुमारे तीन किलोमीटर डोंगरातून मुख्य रस्त्यापर्यंत आणावे लागले. बातमी देशभर गेली. काही तासच जगलेल्या मुलाचाही आधी जन्म आणि मग मृत्यू नोंदवावा, असे नियम सांगतो. ज्या घरावर हा प्रसंग येतो त्या घराने एकवीस दिवसांत पंचायतीत जाऊन दोन फॉर्म भरावेत, ही अपेक्षा माणुसकीला धरून नाही. ते काम आरोग्ययंत्रणेने त्यांच्या दारात जाऊन करायला हवे.

नोंद म्हणजे नुसता दाखला नव्हे, हे याच मातीने आधी दाखवले आहे. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत 1992-93 मध्ये कुपोषणाने शंभराहून अधिक मुले गेली. त्यानंतर सरकार जागे झाले आणि जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय आले. तेव्हापासून जवळजवळ दर पावसाळ्यात बालमृत्यूंचे आकडे मांडले जातात आणि त्यावर वाद होतात. जे मूल जन्मले म्हणूनच कुठे लिहिलेले नाही, ते गेले तर कोणत्या आकड्यात धरायचे?

पाड्यावरची नोंद नसलेली मुले पुढे शाळेत येतात तेव्हा गुरुजी अंदाजाने तारीख घालतात. महाराष्ट्रात ती वर्षानुवर्षे 1 जून राहिली आहे. मंडळाच्या सभासदांतही 1 जूनला वाढदिवस असणारे, आता साठी-सत्तरीतले, कितीतरी आहेत. खेड्यातल्या शाळेने दिलेली तारीख घेऊनच ते सातासमुद्रापार आले. त्यांच्या पिढीचे त्यावर भागले, आताच्या मुलांचे भागणार नाही. 1969 च्या कायद्यात 2023 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी आणि पासपोर्ट या सगळ्यांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. लेक लाडकी योजनेत मुलीला जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने मिळणारे 1,01,000 रुपयेही याच कागदापासून सुरू होतात.

आदिवासी कुटुंबांचा आणखी एक प्रश्न आहे. जातपडताळणीसाठी पणजा-आजोबांचे पुरावे मागितले जातात, आणि त्यात 1950 पूर्वीच्या नोंदीला सर्वाधिक वजन असते. गावच्या जन्ममृत्यूची जुनी वही, म्हणजे गाव नमुना 14 किंवा लोकांच्या तोंडी ‘कोतवाल बुक’, तिची नक्कल त्यासाठी काढतात. कित्येक पाने मोडी लिपीत असतात आणि ती वाचणारा शोधावा लागतो. कातकऱ्यांसारख्या भूमिहीन, फिरत्या समाजाकडे तर तसली नक्कलही क्वचितच निघते. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन मोहिमेत कातकरी वस्त्यांवर शिबिरे भरवून आधार आणि जातीचे दाखले दिले गेले. जन्मनोंदीसाठीही हाच मार्ग आहे: कार्यालयाने पाड्यावर जायचे.

मुदत उलटल्यावर काय? एकवीस ते तीस दिवसांत थोड्या विलंबशुल्कावर नोंद होते. वर्षाच्या आत असेल तर वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्षानंतर पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागत असे. 2023 च्या दुरुस्तीने तो अधिकार जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला. कोर्टाच्या पायऱ्या चुकल्या, ही मोठीच सोय होती. पुढे खोट्या कागदांवर दाखले दिल्याचे आरोप झाले, जानेवारी 2025 मध्ये राज्य सरकारने उशिराच्या नोंदींना स्थगिती दिली आणि मार्चमध्ये नवी कार्यपद्धती आणून छाननी कडक केली. खोटे दाखले थांबलेच पाहिजेत. पण कडक छाननीचा भार खरा माणूसही उचलतो, आणि मोखाड्याच्या टोकाच्या पाड्यावरच्या माणसासाठी प्रत्येक खेप म्हणजे बुडालेला रोज, एसटीचे भाडे आणि पुढची तारीख. पालघरचे जिल्हा मुख्यालय मोखाड्याहून शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. ज्या मुलाची अंगणवाडीच्या वहीत नोंद आहे, ज्याला आशाताईने लस दिली आहे, त्याचा जन्म खरा की खोटा हे ठरवायला आईबापाला तालुक्याला का बोलवावे? तोच पुरावा धरून गावातच चौकशी पुरी करावी, एवढी मागणी रास्त आहे.

युनिसेफच्या 2024 अखेरच्या अहवालानुसार जगात पाच वर्षांखालील सुमारे 15 कोटी मुलांची जन्मनोंद नाही. भारताचे चित्र त्या मानाने बरे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत पाच वर्षांखालील 89 टक्के मुले नोंदलेली आढळली. उरलेली अकरा टक्के मुले बहुतेक अशाच डोंगरात, भट्टीवर, फडात आणि पालांत असणार.

आता सभासदांसाठी थोडे व्यवहाराचे. पुढच्या भारतभेटीत आपला आणि आईवडिलांचा दाखला तपासून घ्यावा. जन्म कुठल्या दवाखान्यात झाला ते घरातल्या मोठ्यांना आधी विचारावे, कारण नोंद त्या हद्दीत सापडेल, राहत्या गावी नाही. गावे विभागली असतील तर जुन्या ग्रामपंचायतीची वही पाहावी. दाखल्यावर बाळाचे नावच नसेल तर ते नंतर घालता येते. मूळ मुदत पंधरा वर्षांची आहे आणि शासनाने ती वेळोवेळी वाढवली आहे. नोंद मिळालीच नाही तर तसे अनुपलब्धता प्रमाणपत्र मागावे, परदेशी कार्यालये ते आणि सोबतचे इतर पुरावे पाहतात. ग्रामपंचायतीचा दाखला महाराष्ट्राच्या 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात येतो. ठरलेल्या दिवसांत मिळाला नाही तर अपील करता येते. मध्यस्थाला पैसे देऊ नयेत.

यंदा जव्हार-मोखाड्याला वस्तू पाठवताना तिथे काम करणाऱ्या संस्थेला सभासदांनी एक यादी मागावी: आपल्या मदतीतल्या किती मुलांकडे जन्माचा दाखला नाही. नाशिक महापालिकेपर्यंतचे एसटी भाडे, जुन्या वहीची नक्कल, बुडालेल्या रोजाची भरपाई आणि कागद नीट लिहून देणारा एक माणूस, एवढा खर्च दप्तरांच्या निधीतून सहज निघतो. तो या वर्षापासून काढावा, अशी सर्व सभासदांना विनंती आहे.