काट्यातला आकडा कोणाचा?



दुधाच्या दरासाठी आपण रस्ते अडवले, टँकर अडवले. जुलै २०२३ मध्ये सरकारने ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या गायीच्या दुधाला लिटरला किमान ३४ रुपये दर जाहीर केला, तेव्हा तो कोणी दिला आणि कोणी बुडवला याची गावोगाव चर्चा झाली. चर्चा व्हायलाच हवी होती. पण त्या एका वाक्यात दराशिवाय आणखी तीन आकडे आहेत. लिटर, फॅट आणि एसएनएफ. दर मुंबईत ठरतो, वर्तमानपत्रात छापून येतो, त्यावर भांडता येते. हे बाकीचे तीन आकडे मात्र रोज पहाटे आणि रोज संध्याकाळी संकलन केंद्रातल्या एका डब्यात ठरतात, आणि आपण किटली रिकामी करून चिठ्ठी खिशात घालून घरी येतो.

मार्गासनीच्या आसपास, विंझर, साखर, गुंजवण्याच्या बाजूला (तालुक्याला आता राजगड म्हणायचे, जिभेवर अजून वेल्हेच आहे) पावसाळ्यात भात आणि बाराही महिने दूध हाच काय तो आधार. रोख पैसा दिसतो तो दुधाच्या पगारातच. तेव्हा हा डबा उघडून आत काय आहे ते पाहणे हे इंजिनियरचे काम आहे, आपले नाही, असे म्हणून चालणार नाही.

काट्याच्या पाट्याखाली अॅल्युमिनियमचा एक ठोकळा असतो, त्याला लोडसेल म्हणतात. त्यावर केसासारख्या बारीक तारेच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. वजन पडले की ठोकळा डोळ्याला दिसणार नाही इतका वाकतो, पट्टी ताणली जाते आणि तिच्यातून जाणाऱ्या विजेला होणारा विरोध किंचित बदलतो. ही पट्टी १९३८ साली अमेरिकेत सिमन्स आणि रूज या दोघांनी वेगवेगळी शोधली. गोष्ट साधी आहे, पण आकडा बघा. लोडसेलला ५ व्होल्ट दिले तर पूर्ण क्षमतेचे वजन ठेवल्यावर त्यातून साधारण १० मिलिव्होल्ट बाहेर येतात. ६० किलोचा काटा १० ग्रॅमचा फरक दाखवणार असेल, तर या १० मिलिव्होल्टचे ६ हजार भाग ओळखावे लागतात. टॉर्चच्या सेलच्या दीड व्होल्टचे नऊ लाख तुकडे करा, त्यातला एक तुकडा म्हणजे तुमच्या किटलीतले १० ग्रॅम दूध!

एवढीशी वीज ओळखून तिचा आकडा करायचे काम एक चिप करते. चिप म्हटले की लोकांना संगणक आठवतो. पण संगणकाची चिप फक्त शून्य आणि एक एवढेच जाणते. दूध, वजन, उष्णता, आवाज या गोष्टी शून्य-एक अशा उड्या मारत येत नाहीत, चढावरच्या बैलगाडीसारख्या सरकत सरकत वाढतात. अशा सरकत्या विजेला अॅनालॉग म्हणतात. काट्यातल्या चिपचा अर्धा भाग अॅनालॉग असतो, तो नाजूक वीज शंभर-सव्वाशे पट वाढवतो. उरलेला अर्धा डिजिटल, तो तिची मोजदाद करून आकडा बनवतो. दोन्ही एकाच तुकड्यावर, म्हणून तिला मिश्र-संकेत चिप म्हणतात. स्वस्त काट्यांत सर्रास दिसणारी एचएक्स७११ नावाची चिनी चिप अशीच आहे. ती वीज १२८ पट वाढवते आणि सेकंदाला दहा वेळा मोजते. पुण्याच्या तपकीर गल्लीत ती छोट्या पाटीवर बसवलेली मिळते, किंमत एका चहा-नाष्ट्याएवढी. (आपल्याकडे चिप बनवणारा मोहालीचा सरकारी कारखाना १९८९ साली जळाला, आणि त्यानंतर देशाने बराच काळ बाहेरच्या चिपांवरच काम भागवले. तो वेगळा विषय आहे.)

मला या चिपबद्दल तक्रार नाही. ती गरीब-श्रीमंत ओळखत नाही. दांडीच्या तराजूला बोट लावणारा माणूस आपण सगळ्यांनी पाहिला आहे, चिपला बोट नाही. जुने ते सोने म्हणून तराजूकडे परत जा असे सांगणारे आपले हितचिंतक नाहीत. प्रश्न चिपच्या पुढचा आहे. चिपने दिलेली मोजदाद म्हणजे किलो नव्हे. तिचे किलो करण्यासाठी काट्याच्या स्मृतीत दोन आकडे माणसाने घातलेले असतात. शून्य कुठे धरायचे, आणि किती मोजदादीला एक किलो म्हणायचे. दूध लिटरमध्ये घेत असतील तर तिसराही आकडा असतो. एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरते, म्हणून किलोला १.०३ ने भागतात. हे आकडे ज्याच्या हातात, त्याच्या हातात आपले माप. मापात पाप करायला आता बोट लागत नाही, पासवर्ड लागतो.

ही कल्पनेतली भीती नाही. २०१७ साली ठाणे पोलिसांनी राज्यभर पेट्रोल पंपांवर छापे घातले, तेव्हा काय सापडले? मापाचे यंत्र आणि समोरचा आकडा यांच्या मध्ये बसवलेली जादा चिप. गाडीवाला आकडा बघत होता आणि आकडाच खोटा होता.

आता भागाकाराचा हिशोब करा. केंद्राने १.०३ ऐवजी १.०४ ने भागले, तर रोज १० किलो दूध घालणाऱ्याचे वर्षाला सुमारे ३४ लिटर जातात. काटा १०० ग्रॅमच्याच पायऱ्या दाखवत असेल आणि वरचे ग्रॅम तोडून टाकत असेल, तर दर मापाला सरासरी ५० ग्रॅम, दोन वेळचे १००, वर्षाचे साडेछत्तीस किलो. जवळच्या आकड्याला धरत असेल तर कधी तुमचे जाईल, कधी केंद्राचे, त्यात तक्रार नाही. पण तोडतो की धरतो हे विचारले कोणी? आणि ही सगळी लबाडीच असते असेही नाही. गुंजवणीच्या खोऱ्यातला पावसाळा चार-चार दिवस ऊन दाखवत नाही. पाटीवर ओल धरली की दीड मायक्रोव्होल्टच्या कामात ती वीज इकडेतिकडे झिरपते आणि काटा आपोआप सरकतो. केंद्रचालक प्रामाणिक असला तरी सरकतो. तो बिचारा समोरच्या आकड्यावरच विश्वास ठेवतो, तुमच्या-आमच्यासारखाच.

फॅटच्या यंत्राचे दुखणे याहून अवघड. जुन्या गर्बर पद्धतीत १० मिली सल्फ्युरिक आम्ल, पावणेअकरा मिली दूध आणि १ मिली अमाईल अल्कोहोल काचनळीत घालून फिरवत. फॅट वर येऊन उभी राही आणि नळीवरची रेघ ज्याची त्याला वाचता येई. आताची बहुतेक यंत्रे दुधातून न ऐकू येणारा आवाज सोडतात आणि तो पलीकडे पोचायला लागलेला वेळ मोजतात. हा वेळ सेकंदाच्या लाखाव्या भागांत असतो. दूध एका अंशाने गरम-थंड झाले तरी आवाजाचा वेग सेकंदाला दोन-तीन मीटरने बदलतो. म्हणून यंत्राला दुधाचे तापमानही अचूक मोजावे लागते, आणि नळीत कालच्या दुधाचा थर बसला असेल तर सगळेच बिघडते. शिवाय इथेही माणसाने घातलेले दुरुस्तीचे आकडे असतातच, फॅटसाठी वेगळे, एसएनएफसाठी वेगळे. इथे रेघ नाही, नळी नाही. छापील ३.२ हातात येते आणि वाद संपतो.

कायदा काट्यापुरता तरी स्पष्ट आहे. २००९ च्या वैधमापनशास्त्र कायद्याखालच्या नियमांनी इलेक्ट्रॉनिक काट्याची दर १२ महिन्यांनी फेरपडताळणी करून शिक्का घ्यावा लागतो. तो दाखला मागणे हा दूध घालणाऱ्याचा हक्क आहे, केंद्रचालकाचा अपमान नाही. फॅटच्या यंत्राचीही अशीच ठरलेल्या मुदतीने बाहेरच्या माणसाकडून तपासणी व्हावी, ही मागणी दूध उत्पादक वर्षानुवर्षे करत आहेत. जिल्हा बैठकीत ती पुन्हा मांडायचीच आहे. पण सरकारी माणूस येईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही.

प्रत्येक केंद्रावर वर्गणी काढून शिक्क्याचे ५ किलोचे माप आणून ठेवावे. ते केंद्राच्या ताब्यात नको, दूध घालणाऱ्यांपैकी कोणाकडे तरी असावे. काटा सुरू करून पाच-दहा मिनिटे तापू द्यावा. माप रिकाम्या पाट्यावर ठेवावे, मग भरलेल्या कॅनवर ठेवावे. दोन्ही वेळा फरक ५ किलोच आला पाहिजे. लिटरच्या खिडकीत त्याच मापाला ४.८५ दिसले पाहिजे. ४.८१ दिसले तर भागाकार १.०४ चा आहे हे समजा आणि तिथेच विचारा. फॅटसाठी महिन्यातून एकदा एकाच किटलीतले दूध दोन बाटल्यांत भरून, दोन्हीवर सह्या करून, एक यंत्राला आणि एक गर्बरला द्यावी. दोन-चार रुपये खर्च येईल, तो केंद्राने आणि आपण निम्मानिम्मा करावा.

आपली मुले-मुली पुण्याला इलेक्ट्रॉनिक्सची पदविका करतात आणि कंपनीत बारा-पंधरा हजारांवर लागतात. लोडसेल, चिप आणि दहा ओळींचा प्रोग्राम घेऊन पडताळणीचा काटा बनवणे हे त्यांच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे काम आहे. कॉलेजच्या प्रकल्पासाठी दुसऱ्याचा जुना अहवाल उतरवण्यापेक्षा त्यांनी हा काटा बनवावा, आणि सुट्टीत गावी आले की केंद्रावर पहाटेच्या पहिल्या कॅनच्या आधी माप लावून बघावे. आलेले आकडे तारखेसह वहीत लिहून जिल्हा बैठकीला घेऊन यावे. पाच-सहा गावांच्या वह्या एकत्र झाल्या की निवेदनाला जोडता येतील.