कुंपणापलीकडची झोप

शेजारच्या काकूंचा रक्तदाब औषधे घेऊनही आटोक्यात येत नव्हता. मात्रा वाढविण्यापूर्वी मी झोपेविषयी विचारले. त्या संकोचून म्हणाल्या, "डॉक्टर, तुमचा मोत्या रात्रभर भुंकतो." वाचकहो, मी खजील झालो. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे; भुंकणे ती सहज ओलांडते. वारंवार मोडणारी झोप रक्तदाब चढा ठेवते. परसातील जाळीतून दिसणारी प्रत्येक हालचाल मोत्याला डिवचत असे. आम्ही जाळीला बांबूचे तट्टे बांधले, संध्याकाळी त्याला लांब फिरवू लागलो, रात्री घरात घेतले. भुंकणे पुष्कळ ओसरले. आपल्याही घरी श्वान असेल, तर शेजाऱ्यांच्या झोपेची चौकशी आपणच आधी करावी. भिडेपोटी ते सांगत नाहीत.